एका बाकावरचं सुतक

३० जानेवारी. सकाळचे अकरा वाजायला दोन मिनिटं कमी आहेत. तुम्ही बारामती एमआयडीसीत पेन्सिल चौकाच्या अलीकडं उभे आहात. तीनचाकी टेंपोंनी भरलेला कंटेनर वळण घेतोय, दुधाचा टँकर त्याच्यामागं अडकलाय आणि सॅक पाठीवर टाकलेली पोरंपोरी विद्या प्रतिष्ठानच्या दिशेनं चालली आहेत. आज हुतात्मा दिन आहे. अकराला दोन मिनिटं जिथं असाल तिथं उभं राहावं, भोंगा असेल तिथं भोंगा वाजवावा, असं परिपत्रक दरवर्षी निघतं. रस्ता मात्र थांबत नाही. समोरून कानात इअरफोन घातलेला सोळा वर्षांचा मुलगा येतो आणि तुमच्या शेजारून निघून जातो.

त्याच्यावर चिडू नका. या दिवसाशी त्याच्या गावाचं काय नातं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ते कळायचं असेल तर मागं जावं लागेल.

चला. आधी कारखान्यांच्या शेड जातील. मग टेक्सटाइल पार्क, डेअरी आणि भिगवण रोडवरची हॉटेलं. १९७२ च्याही मागं गेलात की विद्या प्रतिष्ठान नाही, आणि हा सगळा भाग म्हणजे कुसळांचा माळ. एखादा धनगर, शंभरभर मेंढरं आणि वारा. खाली गावाकडं मात्र हिरवं दिसतंय. नीरा डावा कालवा गेल्या शतकापासून वाहतोय, त्याच्या कडेनं ऊस उभा आहे आणि बाजारात गुळाच्या ढेपा लागल्या आहेत. कऱ्हेच्या काठानं गावात शिरा. दौंडहून येणारी छोट्या रुळांची गाडी स्टेशनात धापा टाकत उभी असेल. साल १९४८, वार शुक्रवार.

तुमचं वय सोळा. यंदा मॅट्रिक, म्हणजे मुंबई विद्यापीठाची परीक्षा, आणि भूमिती कच्ची. आडनाव काय घ्यायचं ते सध्या राहू द्या. ते पुढं लागणार आहे.

संध्याकाळचे सहा वाजून गेलेत, अजून उजेड आहे. मैदानात हुतुतू रंगलाय. तुमचा बाकावरचा सोबती समोरच्या बाजूनं खेळतोय आणि तुम्ही त्याचा पाय धरलाय. तेवढ्यात पेठेतून एक माणूस धावत येतो. चालत नाही, धावत. पेठेतल्या एका दुकानदाराकडं बॅटरीवरचा रेडिओ आहे, तिथून तो आलाय. "गांधींना गोळी घातली. गेले." डाव तिथंच मोडतो.

आता स्वतःकडं नीट बघा, कारण पुढं आयुष्यभर तुम्ही ही पाच मिनिटं वेगळी सांगणार आहात. तुम्ही रडत नाही. तुम्ही बाकीच्यांची तोंडं बघता. मोठी माणसं काय करताहेत, मास्तर काय करताहेत, आपण काय करायचं असतं? कुणीतरी उगाच फिस्सकन हसतो आणि त्याचं त्यालाच दचकायला होतं. तुमच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की उद्या शाळा नाही, म्हणजे भूमितीची चाचणी नाही. दुसऱ्या क्षणी त्याची इतकी लाज वाटते की कान गरम होतात. ही लाज तुम्ही कुणालाच सांगणार नाही. तुमचा सोबती मात्र रडतोय, उघड उघड, धुळीनं भरलेल्या मनगटानं डोळे पुसत. तो सेवा दलाच्या शाखेत जातो, रोज सूत कातून गुंडी भरतो. गांधींचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. त्याच्यासाठी तो रोजचा वाटेतला माणूस होता.

मग गर्दीत एकच प्रश्न उठतो. कुणी मारलं?

हा प्रश्न त्या संध्याकाळी दिल्लीपासून गावोगाव एकाच धास्तीनं विचारला गेला. फाळणीचे दंगे ताजे होते. मारणारा मुसलमान निघाला तर काय होईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मारेकरी हिंदू असल्याचं रेडिओवरून मुद्दाम सांगण्यात आलं, ते त्यासाठीच. तुम्ही मुसलमान वस्तीवरून घरी जाताय. दारं आतून लावलेली आहेत. रात्री ती उघडतील. ती भीती नाहीशी मात्र होणार नाही. ती रातोरात गाव ओलांडून दुसऱ्या आळीत मुक्कामाला जाईल.

घरी चूल पेटलेली नाही. आजी मागच्या दारी गार पाण्यानं अंघोळ करून आली आहे, ओल्या केसांनी बसली आहे. तिनं गांधींना कधी पाहिलेलं नाही, त्यांचं म्हणणं काय होतं हे तिला धड सांगता येणार नाही. घरातलं माणूस गेल्यावर जे करतात ते तिनं केलं. तिला येतं. तुम्हाला येत नाही. नात्यातल्या मरणाला तेरा दिवसांचा रस्ता आखलेला असतो, कुणी काय करायचं ते ठरलेलं असतं. जो आपला कुणीच नव्हता आणि तरी सगळ्यांचा होता, त्याच्यासाठी सोळा वर्षांच्या मुलानं काय करायचं? रात्री नेहरू बोलले, पटेल बोलले, असं वडील सांगतात. काय बोलले? शांत राहा म्हणाले. शांत राहणं हे त्या वयात काम म्हणून पुरत नाही.

शनिवारी सकाळी स्टेशनवर जा. दौंडच्या गाडीनं वर्तमानपत्रं येतील. गठ्ठा सुटायच्या आत हात पडताहेत. एक जण मोठ्यानं वाचतोय, बाकीचे ऐकताहेत. नथुराम विनायक गोडसे. पुण्याच्या 'हिंदु राष्ट्र' दैनिकाचा संपादक. "पुण्याचा!" असा आवाज निघतो. आपल्याच जिल्ह्याचा, आपलीच भाषा बोलणारा.

इथं तुम्ही एक गोष्ट करायची आहे, ती म्हणजे जीभ चावून गप्प बसायचं. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तुम्हाला अधिक माहीत आहे. हा माणूस १९ मे १९१० रोजी इथं, याच बारामतीत जन्मला. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या इयत्ता त्यानं इथंच काढल्या, मग इंग्रजी शिकायला त्याला पुण्याला नातेवाइकांकडं पाठवलं. म्हणजे तुमच्यासारखाच तोही याच मातीत कधीतरी हुतुतू खेळला असेल. स्टेशनातल्या या घोळक्यात हे मोठ्यानं बोललात तर काय होईल, त्याचा विचार करा. बोलू नका.

आता आडनाव निवडायची वेळ आली.

तुम्ही बहुजनांच्या घरातले असाल तर तुमचं दुःख रस्त्यावर चालतं. फेरीत सामील व्हा, घोषणा द्या, डोळे पुसा, कुणी काही म्हणणार नाही. आणि तुम्ही त्या सोबत्याच्या आळीतले असाल, तुमचं आडनाव मारेकऱ्याच्या जातीचं, ब्राह्मणाचं असेल, तर आजपासून तुमच्या दुःखाला पुरावा लागेल. काल मैदानात सगळ्यांत आधी रडला तो हाच मुलगा. पण आज त्यानं "मला वाईट वाटलं" म्हटलं तर ते भ्यायल्यासारखं ऐकू येईल, आणि गप्प बसला तर आतून खूष असल्यासारखं. त्याच्या आळीची दारं बंद आहेत. तुम्ही त्या बाजूला वळता तेवढ्यात वडिलांचा हात खांद्यावर पडतो. "आज तिकडं फिरकायचं नाही."

का, हे ते सांगत नाहीत. तुम्हीही विचारत नाही. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठा अन्याय इथं दिसतो. दोन मुलांचं दुःख एकच होतं आणि ते चोवीस तासही एका बाकावर राहू शकलं नाही. मोठ्यांनी ते उचलून दोन वेगळ्या घरांत नेऊन ठेवलं.

दुपारी पेठेतल्या त्या दुकानासमोर पुन्हा गर्दी आहे. दिल्लीत अंत्ययात्रा निघाली आहे आणि आकाशवाणीचे मेलव्हिल डिमेलो तिचं वर्णन इंग्रजीत करताहेत. सात तास तो एकच आवाज. तुमचं इंग्रजी मॅट्रिकचं, खरखरीतून मधले दोन-चार शब्दच हाती लागतात. तरी तुम्ही उठत नाही. न कळणाऱ्या भाषेत ऐकण्यात एक सोय आहे, तोंडावर काहीही दिसलं तरी चालतं. संध्याकाळी राजघाटावर चिता पेटल्याचं कळतं आणि तुम्हाला पहिल्यांदा रडू येतं. जवळजवळ चोवीस तासांनी, कुणी बघत नसताना, दुकानाच्या फळीआड. पाच मिनिटं. मग भूक लागते.

हे विचित्र नाही. पंधरा वर्षांनी अशाच एका शुक्रवारी, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकेत केनेडी मारले जातील. तिथली मुलं भर वर्गात ती बातमी ऐकतील, आणि मानसशास्त्राचे लोक लगेच वह्या घेऊन बसतील. मार्था वोल्फेन्स्टाइन आणि गिल्बर्ट क्लिमन यांनी त्यातून १९६५ मध्ये एक आख्खं पुस्तक संपादित केलं, राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूनंतर मुलं काय करतात एवढ्याच विषयावर. वाढत्या वयाच्या मुलांना दुःख फार वेळ अंगावर धरता येत नाही, ते थोडं थोडं येतं, मध्येच खेळात, खाण्यात, हसण्यात विरतं आणि पुन्हा येतं, हे वोल्फेन्स्टाइन यांनी आपल्या लिखाणात मांडलं. मोठ्यांना ते बेफिकिरी वाटतं. आपल्याकडं हे काम एका लेखकानं केलं, आणि तेही बऱ्याच वर्षांनी. १९४८ मध्ये विशीत असलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी पुढं 'वावटळ' ही कादंबरी लिहिली. पुण्याहून आपल्या गावाकडं निघालेल्या ब्राह्मण पोरांची ती गोष्ट आहे, आणि गावी पोचेपर्यंत गाव पेटलेलं असतं.

कारण पुढच्या दोन-चार दिवसांत तेच झालं. मुंबई-पुण्यात दंगली झाल्या. नीरेपलीकडं फलटण संस्थान, त्यापुढं सातारा जिल्हा, मग सांगली, कोल्हापूर. त्या बाजूनं येणारी माणसं बाजारच्या दिवशी हळू आवाजात सांगू लागली. वाडे जाळले, धान्याची पेवं जाळली, छापखाने जाळले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्याला गांधींशी, गोडसेशी, कशाशीच देणंघेणं नव्हतं अशा कुलकर्ण्याचं घर एका रात्रीत राख झालं. जुनी माणसं अजून "जळीत" एवढंच म्हणतात, पुढं काही बोलत नाहीत. जमीन, सावकारी, कुळांची जुनी भांडणं हे सगळं त्या आगीत होतं, नुसता गांधींचा शोक नव्हता. पण मशाल हातात घेतलेल्या मिसरूड फुटलेल्या पोराला हा हिशोब कुठला माहीत? त्याला दुःख झालं होतं, त्या दुःखाचं काय करायचं ते कळत नव्हतं, आणि कुणीतरी थोरल्यानं त्याला करायला काम दिलं.

वेगळं काम देणारंही एक माणूस होतं. तुम्ही 'श्यामची आई' वाचलेली आहे, सोबत्याकडूनच आणून, दोन रात्रींत. त्या साने गुरुजींनी गांधीहत्येनंतर एकवीस दिवसांचा उपवास केला. कुणाला शिव्या नाहीत, कुणाचं घर दाखवणं नाही, स्वतः जेवायचं थांबायचं. आदल्या वर्षी पंढरपूरचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून ते असेच बसले होते, हे तुम्हाला आठवतं. तुम्हीही एक वेळ जेवत नाही. आई विचारते, तुम्ही पोट दुखतंय म्हणता. खरं कारण सांगायला जीभ वळत नाही. सोळाव्या वर्षी श्रद्धेपेक्षा लाज मोठी असते.

१२ फेब्रुवारी, तेरावा दिवस. प्रयागला संगमावर अस्थी सोडल्या गेल्या, देशातल्या कितीतरी नद्यांतही सोडल्या. सुतक फिटलं, असं आजी म्हणते आणि देवाला दिवा लावते. शाळा भरते. सोबती येतो. बाकाच्या पार कडेला बसतो, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. तुम्ही भूमितीची वही त्याच्यापुढं सरकवता आणि एक प्रमेय विचारता. तो समजावून देतो. त्या तेरा दिवसांबद्दल तुम्ही दोघं त्या वर्षी बोलत नाही, पुढंही नाही. मॅट्रिकनंतर तो पुण्याला जातो, त्याचं घर तीन-चार वर्षांत विकलं जातं. अशी किती घरं खेड्यांतून शहरांत गेली, ते आपल्या गावांच्या मोकळ्या आळ्या सांगतात.

निघू या. आता १९८४ आणि यावेळी तुम्ही मुलगी आहात. वय तेच.

दिवाळीची सुट्टी आहे आणि तुम्ही इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला मामाकडं आला आहात. साखर कारखान्याभोवती शेठ वालचंद हिराचंदांनी वसवलेलं गाव, कंपनीच्या वसाहती, पाळीच्या भोंग्यावर चालणारं घड्याळ. डब्याच्या तळाशी चिवडा आणि मोडक्या चकल्या उरल्यात. ३१ ऑक्टोबर, बुधवार. दुपारच्या सुमारास कुणीतरी म्हणतं, इंदिराबाईंना गोळ्या लागल्या. दिवसभर खरं-खोटं कळत नाही. बीबीसी गेल्या म्हणतं, आकाशवाणी संध्याकाळपर्यंत बोलत नाही. आजी भिंतीला टेकून बसली आहे. "बाईला मारलं. राखणदारांनीच मारलं." एवढं एकच वाक्य ती सारखं म्हणते आहे.

तुम्हाला बाईंचं राजकारण आवडत नसेल. मामांना तर नाहीच, आणीबाणी ते विसरलेले नाहीत. पण तुमच्या आत दुखतंय ते वेगळंच. आजवर पाहिलेल्या सगळ्या फोटोंत, टेबलाच्या मधोमध बसलेली बाई एकच होती आणि भोवती सगळे पुरुष. ती नाही म्हटल्यावर त्या फोटोत तुम्ही स्वतःला कुठं बसवणार? हे दुःख घरातल्या एकालाही सुचणार नाही. तीन दिवस उंच काठीवरच्या अँटेनातून मुंग्या आलेलं चित्र दिसतं, तीन मूर्ती भवन, रांगा, रडणाऱ्या बाया. धाकटा मामेभाऊ सिनेमा नाही म्हणून भुणभुण करतो आणि मार खातो. त्याचं चुकलेलं नाही, हे तुम्हाला १९४८ पासून माहीत आहे.

मारणारे राखणदार शीख होते, आणि मग दिल्लीतून शिखांच्या कत्तलीची बातमी येते. सरकारी आकडाच २,७३३ माणसांचा, एकट्या दिल्लीतला. मामा पुणे-सोलापूर रस्त्यावरून येऊन सांगतात, "सरदारजींच्या गाड्या कुठंकुठं थांबून राहिल्यात." मागच्या खेपेला आडनाव होतं, आता पगडी. कुठंतरी तुमच्याच वयाचा शीख मुलगा या बाईसाठी रडला असेल आणि दुसऱ्या दिवशी त्याला ते सिद्ध करायला सांगितलं गेलं असेल.

डिसेंबरात निवडणूक झाली. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं, म्हणजे शोक करायला तुम्ही मोठ्या होतात आणि मत द्यायला लहान. देशभर सहानुभूतीची लाट उसळली, काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. बारामतीनं मात्र शरद पवारांना निवडलं, आणि ते तेव्हा इंदिरा काँग्रेसच्या विरोधातल्या समाजवादी काँग्रेसचे होते. इथल्या माणसांनी ऑक्टोबरात डोळे पुसले आणि डिसेंबरात मत आपल्या हिशोबानं दिलं. एखाद्यासाठी रडावं आणि तरी त्याच्या पक्षाला मत देऊ नये, हे दोन्ही एकाच माणसाला जमतं. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा हे अधिक उपयोगाचं आहे, असं माझं मत.

१९९१ मध्ये थांबायची गरज नाही. २१ मेच्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी गेले, उन्हाळ्याची सुट्टी होती, गच्चीवर झोपलेल्या पोरांना सकाळी कळलं. एवढंच लक्षात ठेवा की अठराव्या वर्षी मत द्यायचा हक्क त्यांच्याच सरकारनं दिला होता, आणि तेव्हा चालू असलेल्या निवडणुकीच्या जूनमधल्या उरलेल्या फेऱ्यांत मत देणाऱ्यांत अठरा-एकोणीस वर्षांची मुलं होती.

परत या. आजच्या मुलाकडं नेत्याच्या मरणाची बातमी पेठेतून धावत येत नाही, हातातल्या फोनवर येते. सोबत त्या क्षणाचं चित्रीकरण असतं आणि कुणाला दोषी धरायचं हेही दहा मिनिटांत लिहून आलेलं असतं. १९४८ मध्ये दुःखाला राग व्हायला एक रात्र आणि दौंडची गाडी लागली होती. आता तेवढाही वेळ मिळत नाही. म्हणून शाळांना सांगायचं ते असं. दोन मिनिटं उभं करा, जरूर करा, पण नंतर एक तास मोकळा ठेवा. कुणी हसलं तर कान धरू नका. कुणाला काहीच वाटलं नाही तर तेही बोलू द्या.

आणि बारामतीच्या मुलांना गोडसेचा जन्म इथला, हे सांगा. मोरोपंतांचं गाव म्हणून आपण मिरवतो, मग हे का लपवायचं? कोण कुठं जन्मावं हे गावाच्या हातात नसतं, त्यात ना अभिमान ना कलंक. पण जन्मगाव सोडून अठ्ठावीस-तीस वर्षं झालेल्या एका माणसाच्या कृत्यापायी राज्यभर हजारोंना घरं सोडावी लागली, हे या गावच्या मुलांना कळायलाच हवं.

जानेवारी १९४८ मध्ये जी मुलं सोळा वर्षांची होती ती आता नव्वदीच्या पलीकडं गेली आहेत. तुमच्या घरात, वाड्यात, बारामती-इंदापूरच्या एखाद्या खेड्यात त्यांतलं कुणी असेल तर या आठवड्यातच जाऊन बसा. त्या शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होतात, एवढंच विचारा. आणि ते बोलत असताना मध्येच "तुम्ही कुठल्या आळीतले?" असं विचारू नका.